कौतुक पुरे, आधी शिकवणारं माणूस द्या

महोदय,

वडिलांना श्वास मिळावा म्हणून रात्रभर अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत बसलेल्या मुलाची बातमी काल तुम्ही फोटोसकट छापलीत आणि त्याला 'आजचा श्रावणबाळ' म्हटलंत. त्या मुलाला माझा नमस्कारच आहे. पण ती पिशवी त्याच्या हातात देऊन कोण निघून गेलं, हे बातमीत एका ओळीनेही नाही. ते वाचून जीव जळला.

माझ्या थोरल्या दिरांना मण्यार चावला तेव्हा आमच्यावर हीच वेळ आली होती. मण्यारच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सापाची लस दिली तरी ते लगेच हलायला लागत नाहीत, तोवर श्वास बाहेरून द्यावा लागतो. तो नीट मिळाला तर माणूस धडधाकट घरी जातो. आमच्या वेळी व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. डॉक्टरांनी घशात नळी घातली, पुतण्याच्या हातात बॅग दिली, "दाबत राहा" म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे पळाले. किती जोरात, किती वेळाने, काही नाही. पोरगं घाबरून भराभर दाबत होतं. मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांनी एक श्वास पुरतो, छाती उचलली जाईल इतकंच दाबायचं, मग बॅग पुरती फुगू द्यायची, हे पहाटे ड्युटीवर आलेल्या सिस्टरनी दाखवलं. बॅगेमागची ऑक्सिजनची थैली कुणी लावलीच नव्हती. तीही त्यांनीच लावली. दीर वाचले ते त्या बाईंमुळे.

१९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा तिथेही श्वास देणारी यंत्रं अपुरी होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी हाताने पिशव्या दाबून रुग्ण जगवले. पण ते वैद्यकीय विद्यार्थी होते, त्यांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या आणि देखरेखीला डॉक्टर होते. आपल्याकडे शेतातून उठून आलेल्या नातेवाइकाला पाच मिनिटं समजावून सांगायलाही कुणी नसतं!

आणि वॉर्डात जायचा तो पास! एका पेशंटमागे एकच. बोटं वळेनाशी झाली म्हणून दुसऱ्याला आत बोलवावं, तर वॉचमन गेटवर हुज्जत घालतो. मग हात बदलायचा कुणी?

तुमच्या बातमीदाराला पुन्हा त्याच वॉर्डात पाठवा. त्या मुलाला बॅग दाबायला कुणी शिकवलं आणि रात्रीतून कितीदा कुणी येऊन पाहिलं, एवढं विचारून छापा.

आपली,
एक नियमित वाचक