‘क्रंब’ पाहताना हाताकडेही पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टेरी झ्वायगॉफ यांच्या ‘क्रंब’ (१९९४) या माहितीपटावर आपल्याकडे बोलणं निघालं की ते अमेरिकन कॉमिक्स-चित्रकार रॉबर्ट क्रंब यांच्या कुटुंबाच्या विक्षिप्तपणाभोवतीच फिरतं. चार्ल्स आणि मॅक्सन या त्यांच्या भावांचे प्रसंग सुन्न करतात, हे खरंच. पण रॉबर्ट क्रंब चित्र काढतात कसे, हेही त्यात मन लावून टिपलं आहे.

विजेचे खांब, तारा, सिग्नल आठवणीतून काढता येत नाहीत. डोळा त्यांच्याकडे बघायचंच टाळतो. म्हणून क्रंब साध्यासुध्या रस्त्यांचे फोटो समोर ठेवतात. त्यांची १९७९ची ‘अ शॉर्ट हिस्टरी ऑफ अमेरिका’ ही १२ चौकटींची मालिका पाहावी. जागा तीच; आधी झाडं आणि कुरण, मग रेल्वे, घर, रस्ता, शेवटी तारांचं जंजाळ आणि प्रश्न: आता पुढे काय?

त्यांचं रॅपिडोग्राफ पेन नळीच्या टोकाचं. कितीही दाबा, रेघ तेवढीच जाड. सावली हवी तर रेघांवर तिरप्या रेघा, म्हणजे क्रॉस हॅचिंग. विद्यार्थ्यांचं इथेच बिघडतं. पहिला थर वाळायच्या आत दुसरा ओढला की रेघा छेदतात तिथे शाई साचून डाग पडतात. पेन काही दिवस तसंच पडलं की नळीत शाई वाळते, आणि साफ करताना जोर लावला तर आतली केसासारखी तार वाकते. रेघा फार दाट झाल्या की न्यूजप्रिंटवर शाई पसरून सगळं काळं होतं. मात्र करड्या छटा नसल्यानं हाफटोन, म्हणजे छटा बारीक ठिपक्यांत फोडून छापणं, लागत नाही. आतली पानं अशी एका काळ्या शाईत छापता आली, म्हणूनच १९६८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं ‘झॅप कॉमिक्स’ हे कॉमिक मोठ्या प्रकाशकाविना निघालं आणि बाबागाडीत घालून रस्त्यावर विकलं गेलं.

स्त्रिया आणि कृष्णवर्णीयांची त्यांची काही चित्रं अपमानकारकच आहेत. माहितीपट ती झाकत नाही. त्यात कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूज सोळाव्या शतकातल्या चित्रकार ब्रॉयगेलची आठवण काढतात, तर पत्रकार डीअर्ड्रा इंग्लिश स्पष्ट आक्षेप घेतात. दोघांचंही ऐकायला हवं.

फिल्म क्लबांनी हा सुमारे दोन तासांचा माहितीपट प्रौढांसाठी, काहीही न कापता दाखवावा आणि सभागृहाबाहेर क्रंब यांची दोन-चार पानं ए-३ आकारात लावावीत. आपल्या पुरवणीलाही विनंती: कॉमिक्सचं पान छापाल तेव्हा निदान अर्धं पान द्या. तिकिटाएवढ्या चित्रात रेघा दिसत नाहीत.

आपला,
एक वाचक, पुणे