दत्तक लेकींना मूळ दाखला मिळावा

संपादक महोदय,

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील चोक्टॉ राष्ट्राचे, म्हणजे चोक्टॉ या मूलनिवासी जमातीचे, सदस्यत्व डीएनए चाचणीवर मिळत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पुऱ्या झालेल्या डॉझ नोंदवहीतील (अमेरिकी सरकारने केलेल्या जमातींच्या सदस्यांच्या यादीतील) पूर्वजापर्यंत दाखल्यांची साखळी जुळवावी लागते. दत्तक गेलेल्या तरुणीची ही साखळी पहिल्याच कडीला तुटते, कारण तिच्या जन्मदाखल्यावर दत्तक आईवडिलांची नावे असतात आणि मूळ दाखला अनेक राज्यांत मोहोरबंद राहतो. १९७८ च्या ‘इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्ट’नुसार (अमेरिकेतील मूलनिवासी मुलांविषयीच्या कायद्यानुसार) अठरा वर्षांनंतर तिने अर्ज केल्यास, दत्तकविधान मंजूर करणाऱ्या न्यायालयाने जन्मदात्यांची जमात सांगणे बंधनकारक आहे, पण ते न्यायालयच ठाऊक नसेल, तर अर्ज करायचा कुठे? हा कायदा २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात टिकला, हे बरेच झाले. आता मूळ दाखलाही सर्व राज्यांनी विनाअट द्यावा.

— एक वाचक, नाशिक