श्वास मोजायचा की नुसता लिहायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नर्सिंगच्या ॲडमिशन सुरू झाल्या की पेपरात कॉलेजांच्या जाहिराती सुरू होतात, आमच्याकडे अमुक लाखांची लॅब, श्वास घेणारा मॅनिकिन (सरावासाठीचा पुतळा), खोकणारा मॅनिकिन. असू दे की, चांगलंच आहे. पण वॉर्डात आयुष्य काढून आता मुलींना शिकवते म्हणून सांगते, कधी मेडिकल वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, पल्स, श्वास लिहायचा तक्ता, उघडून बघा. ताप प्रत्येकाचा वेगळा, पल्स वेगळी आणि रेस्पिरेशनच्या, म्हणजे मिनिटाला किती श्वास, त्या रकान्यात सगळ्यांना २०. दम्याच्या आजींना २०, अपेंडिक्सच्या पोराला २०, ज्याला दोन तासांनी आयसीयूत हलवला त्यालाही २०. एखादी हुशार असेल तर मधेच १८ टाकते, खरं वाटावं म्हणून!

आता कुणी म्हणेल एवढं काय त्यात, ऑक्सिमीटर आहे ना. कोविडपासून हे खूळच झालंय, बोटाला चिमटा लावला, ९८ आला, पेशंट ठीक. वर्गात मी विचारते श्वास वाढवायला सांगतं कोण, तर सगळ्या एका सुरात ऑक्सिजन म्हणतात. एरवी ते काम मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचं असतं, तो साठला की रक्त आंबट व्हायला लागतं, मेंदूच्या तळाशी मेड्युलाला ते लगेच कळतं आणि श्वास वाढतो. रक्ताचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ७.३५ ते ७.४५ एवढ्याशा पट्ट्यात ठेवायचा असतो, किडनी तेच काम करते पण तिला कित्येक तास, कधी दिवस लागतात, श्वासाला काही मिनिटं पुरतात. म्हणजे आत काहीतरी बिघडतंय हे बऱ्याचदा बीपी पडायच्या आधी श्वास सांगतो.

एक उदाहरण देते, ही केस वर्गात दर बॅचला घेते. डायबिटीसचा तरुण पेशंट, गावाला गेला म्हणून इन्सुलिन बंद, आता पोटात दुखतंय, उलट्या होतायत. सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरचा आकडा, ९९. श्वास मात्र ३२ आणि नुसता भरभर नाही तर खोल, ओढून घेतल्यासारखा. मुली म्हणतात घाबरलाय तो. घाबरलेला नाहीये, केटोॲसिडोसिस आहे, म्हणजे इन्सुलिन नसल्याने रक्तात ॲसिड साठलंय, शरीर ते ॲसिड फुफ्फुसातून बाहेर टाकतंय. मग ट्रीटमेंटही आपोआप उलगडते, ऑक्सिजनने हे सुटणार नाही, सलाइन पाहिजे, इन्सुलिन पाहिजे आणि पोटॅशियमवर डोळा पाहिजे कारण इन्सुलिन दिलं की पोटॅशियम पेशींच्या आत जातं आणि रक्तातलं खाली येतं. फिजिऑलॉजी, आजार, औषध हे तीन वेगळे पेपर म्हणून पाठ केलं की हा धागा हातातून निसटतो. चार्टवर २० लिहिलं की तर विषयच संपला.

लहान पोरांचं तर आणखी सरळ आहे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, श्वास तेवढा किंवा त्याच्यावर गेला की खोकल्याच्या पोराला न्यूमोनिया समजायचा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं गणित. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ज्या बायांना आकडे मोजता येत नाहीत त्यांच्यासाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधन बनवलं, दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी आला की न्यूमोनिया. गावातल्या लोकांकडून न्यूमोनियाचे उपचार करवून घेऊन बालमृत्यू कमी झाले, १९९० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय ते. आणि आमच्या चार वर्षं बीएस्सी करणाऱ्या मुली आकडा कल्पनेने भरतात.

सगळा दोष मुलींचा नाही हेही लिहिते. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, प्रत्यक्षात नाइटला एक सिस्टर अख्खा वॉर्ड ओढते, बरोबर दोन स्टुडंट, त्यांनाही लॅबला रिपोर्ट आणायला पिटाळलेलं. अशात चाळीस पेशंटचे चाळीस मिनिटं श्वास कोण मोजणार? वर मोबाइल काढायचा नाही, मनगटावर घड्याळ घालायचं नाही, आणि एका वॉर्डात तर भिंतीवरचं घड्याळ सेल संपल्यामुळे महिनोन् महिने पावणेचारवर थांबलेलं मी बघितलंय.

तरी मागणी साधीच आहे. प्रॅक्टिकल परीक्षेत मुलीने खऱ्या पेशंटचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा, पंधरा सेकंद गुणिले चार नको, आणि एक्झामिनरने त्याच वेळी शेजारी उभं राहून स्वतः मोजावा. पेशंटला कळलं की तो श्वास बदलतो, म्हणून पल्स बघतोय असं दाखवत मनगट धरून छातीकडे बघायचं, ही जुन्या सिस्टरांची युक्तीही तिथेच तपासली जाईल. दोघांच्या आकड्यात फार फरक पडला तर मार्क कापा. आणि प्रत्येक वॉर्डात सेकंद काटा असलेलं चालू घड्याळ लावा, मॅनिकिनच्या पैशात कितीतरी येतील.

आपली,
एक नर्सिंग ट्यूटर, सातारा