सूचना : श्रवणयंत्र बसवून घ्यायला जाण्यापूर्वी

ज्या सदस्यांना तारीख मिळाली आहे त्यांनी आठवडाभर आधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत. कानात मळ असेल तर यंत्र शिट्टी मारतं, शिवाय कानात बारीक नळी सोडून करतात ते मोजमापही चुकतं. बड्सने घरी कोरू नका, मळ आणखी आत जातो. कान वाहत असेल तर तारीख पुढे घ्या.

सोबत ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख), चष्मा, चार्ज केलेला फोन (ब्लूटूथ जोडताना पासवर्डही लागू शकतो) आणि रोजच्या बोलण्यातलं घरचं एक माणूस. कुठे अडतं ते लिहून न्याच. ‘नीट ऐकू येत नाही’ एवढ्यावरून यंत्र जुळवणं कठीण. ‘चौघं जेवायला बसलो की नातीचं बोलणं निसटतं’ हे सांगितलं तर ऑडिओलॉजिस्टला (यंत्र जुळवणाऱ्या श्रवणतज्ज्ञाला) नेमकं कळतं.

स्वतःचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटला तर तिथेच सांगा, संकोच नको. कान फार बंद झाल्याने बरेचदा असं होतं. टोकाची रबरी टोपी बदलून फरक पडतो.

उठण्यापूर्वी यंत्र स्वतःच्या हाताने दोन-तीनदा घाला-काढा. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. सेलचं यंत्र असल्यास स्टिकर काढून सेल दोनेक मिनिटं उघडा ठेवा, मग बसवा. तो हवेवर चालतो. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. पुढच्या जुळवणीची तारीख त्याच दिवशी घेऊन या.