सराटे, बॉम्ब आणि सायकलवाल्यांच्या गप्पा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अलीकडे महागड्या सायकलींबद्दल एक लेख आला होता. रविवारी सकाळी टपरीवर चहा घेत तासन्‌तास टायर आणि गिअर यांवर बोलत बसणारी मंडळी म्हणजे पैशाचं नुसतं प्रदर्शन, असा त्याचा सूर होता. पैशाबद्दल लेखकाने लिहिलंय त्यातलं बरंच खरं आहे, त्यावर पुढे येतेच. पण त्या गप्पा त्यांनी एका फटक्यात निकालात काढल्या, ते मला मुळीच पटलं नाही. म्हणून हे पत्र.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे जोहान्सबर्गला आले, इथली परीक्षा देऊन औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून लागले आणि मुलं मोठी झाल्यावर शेजाऱ्यांच्या नादाने सायकलवर बसले. आमच्या घोळक्यात सोन्याच्या खाणीतून निवृत्त झालेले एक फिटर आहेत, शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई आहेत, सोवेटोहून गाडीवर सायकल लादून येणारे दोघे भाऊ आहेत आणि मला ‘टॅनी’ म्हणजे काकू म्हणणारा एक आफ्रिकानर, म्हणजे इथल्या डच वंशाच्या गोऱ्यांतला, मुलगा आहे. उन्हाळ्यात इथे पाचच्या सुमारास उजाडतं आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस ठरलेला, म्हणून अंधारातच पेट्रोल पंपावर जमायचं आणि क्रेडलच्या, म्हणजे आदिमानवाचे अवशेष सापडलेल्या स्टर्कफॉन्टेनच्या गुहा आहेत त्या बाजूच्या रस्त्यांना लागायचं. गप्पा तिथूनच सुरू होतात आणि परत येऊन कॉफी संपेपर्यंत थांबत नाहीत.

‘हाउझिट’, म्हणजे ‘काय, कसं काय’, म्हणून होतं न होतं तोच विषय टायरवर येतो. किती हवा भरलीस, पुढच्यात किती, मागच्यात किती, भोक बुजवणारं सीलंट शेवटचं कधी टाकलंस. याला कारण आहे आणि ते कारण रस्त्याच्या कडेला उगवतं. आपल्याकडे माळावर अनवाणी पोरांच्या टाचेत घुसतात ते सराटे इथेही आहेत, अगदी तीच वनस्पती. इथे त्याला डेव्हिल थॉर्न म्हणतात. पावसाच्या दिवसांत वेल डांबराच्या कडेपर्यंत पसरतो, पुढे वाळला की काटे सुटे होऊन रस्ताभर होतात. कसाही पडला तरी एक टोक वर. साध्या ट्यूबवर इथे रोजचं जाणं-येणं म्हणजे खिशात पंक्चरचं सामान हवंच.

म्हणून बहुतेकांनी ट्यूब काढून टाकली आहे. रिमला आतून टेप, वेगळा वॉल्व्ह आणि टायरमध्ये रबराच्या चिकासारखं पातळ औषध, तेच सीलंट. काटा घुसला की हवेबरोबर चीक भोकाकडे धावतो आणि तिथेच घट्ट होऊन बसतो. आता यात बोलण्यासारखं काय आहे, असं कुणाला वाटेल. अहो, भरपूर आहे. हा चीक उन्हाने वाळतो. दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने घालावा लागतो, आमच्या हायवेल्ड पठाराच्या कोरड्या हवेत त्याआधीसुद्धा. त्यातले बारीक कण बाटलीच्या तळाशी बसतात, ते हलवून वर आणले नाहीत तर टायरमध्ये जातं ते नुसतं पाणी. मी दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत असते की हे औषध घेण्याआधी बाटली नीट हलवा, त्यामुळे आमच्यात ही गोष्ट लावून धरणारी मीच. काटा दिसला तर लगेच उपटायचा की घरी येईपर्यंत तसाच ठेवायचा, यावर आमच्यात दोन तट आहेत. मी उपटणाऱ्यांतली. उपटला की भोक खरोखर बुजलंय की नाही ते तिथल्या तिथे कळतं, कोपऱ्यावर उताराला लागल्यावर नाही.

दगडाने टायर चिरला तर मात्र चिकाचं काम नाही. मग प्लग. पहिल्यांदा हे जवळून पाहिलं तेव्हा फिटरसाहेबांनी मला बाजूला बसवून दाखवलं होतं. टायरमधून फुस्स आवाज येतोय, पांढरे थेंब पायावर उडताहेत, आणि हे शांतपणे चाक फिरवून चीर खालच्या बाजूला आणतात, म्हणजे उरलासुरला चीक तिथे जमावा. सुईसारख्या हत्याराच्या टोकाला चिकट, तपकिरी दोरा ओवलेला. तो चिरीत निम्माअधिक ढकलायचा, एक झटका देऊन हत्यार मागे ओढायचं, दोऱ्याची दोन टोकं बाहेर राहतात. मग वॉल्व्ह वर, बाराच्या काट्यावर, आणि त्याला ‘बॉम्ब’ लावायचा. बॉम्ब म्हणजे अंगठ्याएवढी कार्बन डायऑक्साइडची नळी. पिरगाळली की क्षणात चाक फुगतं आणि नळी इतकी गार पडते की तिच्यावर हिम धरतं. उघड्या हाताने धरली तर कातडी चिकटते, हातमोजा घालूनच धरायची. वॉल्व्ह वर का? तर तो गार वायू थेट चिकावर पडला की काही जातींचा चीक तिथेच गोळा होतो आणि पुढच्या काट्याला काही शिल्लक राहत नाही. १६ ग्रॅमचा बॉम्ब की २५ ग्रॅमचा, हाही वाद आहेच. डोंगरी सायकलीच्या २९ इंची जाड टायरला १६ चा पुरत नाही, असं माझं मत आहे.

हे सगळं मी कोणत्याही माहितीपत्रकात वाचलं नाही. कोणीतरी कोणालातरी रस्त्याच्या कडेला सांगितलं, त्याने पुढच्याला. त्या लेखकाला जी बडबड वाटली, ती आमची शाळा आहे.

साखळीच्या वंगणावरून जोहान्सबर्गवाले आणि केपटाउनवाले यांचं कधीच जमत नाही आणि जमूही नये. आमच्याकडे हिवाळा कोरडा ठणठणीत, मे ते ऑगस्ट पावसाचा थेंब विरळा, लाल धूळ सगळीकडे. तेल लावलेल्या साखळीवर ती बसली की पॉलिश पेपरसारखी गिअरचे दात झिजवते. त्यामुळे मेणाचं वंगण. स्क्वर्ट नावाचं इथलंच, देशी बनावटीचं मेणाचं वंगण इथल्या घराघरांत सापडेल. केपमध्ये पाऊस हिवाळ्यातच, तिथे मेण धुऊन जातं म्हणून त्यांची तक्रार. त्यांचा दुसरा विषय म्हणजे वारा. आग्नेयेकडून येणाऱ्या त्या वाऱ्याला ते लाडाने केप डॉक्टर म्हणतात, पण मार्च जवळ आला की हाच डॉक्टर त्यांची झोप उडवतो. उंच कडांची कार्बन चाकं पुढे लावावीत की नाही? लावली तर चॅपमन्स पीक या समुद्रकाठच्या घाटाच्या वळणावर वाऱ्याचा एक तडाखा हँडल हातातून फिरवून टाकतो.

मार्चमधली ती शर्यत म्हणजे केपटाउन सायकल टूर. जुनी माणसं अजून तिला ‘आर्गस’च म्हणतात. अंतर १०९ किलोमीटर, भाग घेणारे तीस हजारांच्या घरात. फॉल्स बेच्या किनाऱ्याने खाली जायचं, द्वीपकल्प ओलांडून अटलांटिकच्या बाजूने परत यायचं, चॅपमन्स पीक चढायचा, हाउट बेला उतरायचं आणि शेवटी, पाय रिकामे झालेले असताना, सुइकरबोसीची चढण. मागच्या कॅसेटची, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाची, सर्वांत मोठी चकती २८ दातांची असावी की ३२, हा प्रश्न देशभर जानेवारीपासून त्या एका चढणीसाठी विचारला जातो. माझं उत्तर ३२. चढताना आजूबाजूचा समुद्र दिसला पाहिजे, नुसतं पुढच्याचं चाक नाही. २०१७ साली वाऱ्यापुढे शर्यतच रद्द करावी लागली. माणसं सायकली दोन्ही हातांनी धरून उभी आहेत आणि सायकली पतंगासारख्या आडव्या तरंगताहेत, हे दृश्य सगळ्या जगाने पाहिलं. त्यानंतर चाकांची चर्चा कोणी हसण्यावारी नेत नाही.

या शर्यतीचा जन्म कशातून झाला, हे त्या लेखकाने जरूर पाहावं. १९७७ साली केपटाउनमधल्या सायकलवाल्यांनी सायकलींसाठी वेगळे मार्ग हवेत म्हणून शहरात एक मोठी फेरी काढली. पुढे होते बिल मायलरी आणि जॉन स्टेगमन. त्या मागणीकडे लोकांचं लक्ष टिकून राहावं म्हणून पुढच्या वर्षी, १९७८ मध्ये, पहिली शर्यत झाली. पाचशेच्या आसपास माणसं निघाली होती. एकत्र चालवणाऱ्या, एकत्र बसून बोलणाऱ्या माणसांनीच हे उभं केलं. पेडल पॉवर असोसिएशन ही संघटनाही त्याच काळातली. गाडीवाल्यांनी सायकलवाल्यापासून अंतर ठेवून पुढे जावं, यासाठी तिने वर्षानुवर्षं धोशा लावला. २०१३ मध्ये वेस्टर्न केप प्रांताने किमान १ मीटर अंतराचा नियम केला.

त्याच २०१३ च्या ३ जानेवारीला बरी स्टँडर गेला. वय २५. लंडन ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलींत पाचवा आलेला, स्वित्झर्लंडच्या क्रिस्टोफ साउझरबरोबर २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षं केप एपिक ही अनेक दिवसांची डोंगरी शर्यत जिंकलेला मुलगा. क्वाझुलू-नाताळमधल्या शेली बीचला, सरावाला बाहेर पडलेला असताना, मिनीबस टॅक्सीने त्याला उडवलं. आजही आमच्यात कोणी नवीन आलं की टायरनंतरचा दुसरा विषय मागचा दिवा असतो. दिवसाउजेडी लावायचा. उजेड किती लुमेन, लुकलुकणारा की स्थिर, बॅटरी किती तास. गणिताच्या बाई यावर कोणाचंही ऐकून घेत नाहीत, मागचा दिवा नसेल तर त्या सरळ घरी परत पाठवतात. या बोलण्याला जो चंगळ म्हणतो, त्याने एकदा आमच्याबरोबर आर-५१२ या हमरस्त्यावर यावं.

आता पैशाचं. इथे डोंगरी सायकल, पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली, कार्बनची, सहज लाख रँडच्या वर जाते. एक रँड म्हणजे साधारण पाच रुपये धरा. २०२४ मध्ये या देशात किमान वेतन ताशी २७ रँड ५८ सेंट होतं. एका चांगल्या टायरला हजार रँडच्या आसपास पडतात, म्हणजे कुणाची तरी जवळजवळ आठवड्याची कमाई. हे आकडे शेजारी ठेवले की मला त्रास होतो आणि व्हायलाच हवा. इथली दरी मी काही त्या लेखकाला शिकवायला नको.

पण आमच्या वसाहतीच्या फाटकावरचा रखवालदारही सायकलवरच येतो. डीपस्लूट या गरीब वस्तीतून निघून विनी मंडेला ड्राइव्हच्या कडेने पहाटे जे शेकडो कामगार सायकली हाकत येतात, त्यांतला तो एक. त्याची सायकल जुनी, लोखंडी, २६ इंची चाकांची. हौशी मंडळींनी २६ कधीच सोडून दिलं, सगळे २९ वर गेले, त्यामुळे दुकानांत २६ चा बरा टायर मिळणं अवघड झालं. एका शनिवारी कॉफीवर नेहमीचाच वाद चालू होता, २६ मेलं की नाही. सोवेटोचा थोरला भाऊ म्हणाला, मेलं असेल तर तुमच्या गॅरेजमध्ये पडलेले टायर कुणासाठी ठेवलेत? पुढच्या शनिवारी चार घरांतून टायर, ट्यूब, ब्रेकचे पॅड, एक अख्खं मागचं चाक जमा झालं. फिटरसाहेबांनी फाटकापाशीच बैठक मारून रखवालदाराच्या सायकलीचा वाकलेला हँगर, म्हणजे मागचा गिअर अडकवायची पट्टी, सरळ केला आणि तो करत असताना त्याने त्यांना जे सांगितलं ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं: पहाटे चारला कोणत्या पुलाखाली दिवे नसतात, पाऊस पडला की कोणता खड्डा पाण्याने भरून सपाट दिसतो, कुठे थांबायचं नाही. आम्ही त्या रस्त्याने नंतर आमचा मार्ग बदलला. आता त्याला काही लागलं की तो मला फाटकावर अडवून सांगतो आणि मी ते शनिवारी मांडते.

हेच काम मोठ्या प्रमाणावर क्युबेका ही इथली संस्था २००५ पासून करते आहे. मुलांनी झाडं लावली, कचरा गोळा केला, शाळा बुडवली नाही की त्यांना सायकल मिळते. ती दणकट लोखंडी, मागे मोठं कॅरिअर, पायडल उलटं दाबलं की ब्रेक. तिच्यात बिघडण्यासारखं फार थोडं आहे. त्याच संस्थेचं नाव अंगावर घेऊन इथला संघ २०१५ च्या टूर द फ्रान्समध्ये उतरला, आफ्रिकेत नोंदणी झालेला पहिला संघ, आणि १८ जुलैला, मंडेला दिनी, स्टीव्ह कमिंग्जने मांद गावचा टप्पा त्यांना जिंकून दिला. त्या दिवशी आमच्या दुकानातही टीव्ही चालू होता. वीज होती म्हणून. भारनियमनाच्या दिवसांत इथे घरातल्या घरात ट्रेनरवर, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या जागच्या जागीच्या यंत्रावर, चालवणारे निम्म्यात अडकून बसायचे, आणि राउटरला कोणती बॅटरी लावावी हाही सायकलवाल्यांच्या गप्पांचा भाग होऊन गेला. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको.

संपादक महोदय, माझी एक विनंती आहे. पुरवणीत सायकलींच्या किमती छापता, शर्यतींचे निकाल छापता, ते छापाच. त्याबरोबर महिन्यातून एकदा अर्धा रकाना सायकल चालवणाऱ्यांच्या आपापसातल्या बोलण्याला द्या. मुंबई-पुणे शर्यतीत घाट चढणारा, नाशिकचा डोंगरी सायकलवाला, बार्शीत दूध घालायला जाणारा आणि शाळेत जाणारी मुलगी, सगळ्यांना त्यात लिहू द्या. कोणता रस्ता, कोणता टायर, कुठल्या गावात रविवारी पंक्चरवाला उघडा असतो, कोणत्या पुलावर कठडा नाही.

पहिला प्रश्न मीच पाठवते, छापावा. पुढच्या एप्रिलमध्ये मी सांगलीला येणार आहे आणि तिथून पंढरपूरपर्यंत सायकलने जायचा विचार आहे. त्या उन्हात टायरमधला चीक किती दिवस ओला राहतो आणि मिरज सोडल्यावर रस्त्याच्या कडेला सराटे अजून तितकेच आहेत का? ज्यांना माहीत असेल त्यांनी आपल्या पत्त्यावर कळवावं.

आपली,
एक वाचक
रँडबर्ग, जोहान्सबर्ग