तीन अभ्यास, तीन सरासऱ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकीकरणाने कंपनीचा फायदा होतो, हे ‘शेकडो अभ्यासांतून सिद्ध झाले’ अशी बातमी आली की वाचक निर्धास्त होतो. मेटा-अ‍ॅनालिसिसचा, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून काढलेला, तो एकच आकडा कसा आला, हे मात्र बातमीत क्वचितच असते.

हिशेब करून पाहा. समजा, २८, १०३ आणि ४०३ कंपन्यांचे तीन अभ्यास आहेत. आयटीवरचा (माहिती तंत्रज्ञानावरचा) खर्च आणि कंपनीची कामगिरी यांचा सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती एकत्र वाढतात याचे माप, फिशर रूपांतरानंतर (सरासरी काढता यावी म्हणून करायचा गणिती बदल) अनुक्रमे ०.६०, ०.३० आणि ०.०५ निघाला. साधी सरासरी ०.३२. ‘फिक्स्ड इफेक्ट’ पद्धत सगळ्या अभ्यासांमागे एकच खरा आकडा मानते. तिच्यात कंपन्यांच्या संख्येतून ३ वजा करून प्रत्येक अभ्यासाचा भार (सरासरीतले वजन) ठरतो: २५, १००, ४००. मोठा अभ्यास पारडे आपल्याकडे ओढतो आणि उत्तर ०.१२ येते. ‘रँडम इफेक्ट्स’ पद्धत अभ्यासांमधली तफावत खरी मानते. नेहमीच्या सूत्राने ती इथे ०.०४५ येते, ती प्रत्येक अभ्यासाच्या विचरणात (त्याच्या आकड्यातल्या अनिश्चिततेच्या मापात) मिळवली की भार ११.८, १८.३ आणि २१.२ होतात, उत्तर ०.२७. शिवाय ९५ टक्के विश्वासमर्यादेची, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा त्याची, खालची बाजू शून्याच्या किंचित खाली जाते. फिक्स्डमध्ये ती ०.०४ वर थांबते. म्हणजे एका पद्धतीत ‘संबंध सिद्ध’, दुसऱ्या पद्धतीत नाही.

इतकी तफावत असताना रँडमच वापरायला हवी, हे खरे. पण तिच्यात २८ कंपन्यांच्या अभ्यासाला ४०३ कंपन्यांच्या अभ्यासाच्या निम्म्याहून अधिक वजन मिळते. असे छोटे अभ्यास निकाल ठळक आला तरच छापले जात असतील, तर सरासरी फुगणारच. म्हणून असा पक्षपात पकडणारे फनेल आलेख आणि एगर चाचणी हवीच. संशोधक पोलाक यांनी २०१७ मध्ये सुमारे ७० अभ्यासांतले ८०० हून अधिक अंदाज घेऊन हा पक्षपात वजा केला, तेव्हा आयटीची उत्पादन-लवचिकता (आयटी वाढल्यास उत्पादन किती प्रमाणात वाढते ते) जेमतेम ०.३ टक्का उरली.

कोहली आणि देवराज या संशोधकांनी २००३ मध्येच ६६ अभ्यास तपासून दाखवले होते की नमुन्याचा आकार, माहितीचा स्रोत आणि उद्योगक्षेत्र यांनुसार निष्कर्ष बदलतात. कालावधीचेही तसेच. ब्रिन्यॉल्फसन आणि हिट या अर्थतज्ज्ञांना ५ ते ७ वर्षांतला बदल मोजला तेव्हा उत्पादकतेतले संगणकांचे योगदान एका वर्षातल्या बदलाच्या तुलनेत पाचपटीपर्यंत मोठे दिसले. एका वर्षाचे आणि सात वर्षांचे अंदाज एकाच टोपलीत टाकले, तर येणारी सरासरी कोणत्या काळाची म्हणायची?

मोजमापातल्या चुकांमुळे सहसंबंध खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून तो वाढवून घेतात. ही भरपाईही लपून राहते. ०.२४ चा सहसंबंध ०.८ आणि ०.७ या विश्वसनीयतांनी (दोन्ही मोजमापे किती भरवशाची, ते सांगणारे आकडे) दुरुस्त केला की ०.३२ होतो. सूत्र योग्यच आहे. पण प्रश्नावलीत एकाच व्यवस्थापकाने आपल्या यंत्रणेलाही आणि आपल्या नफ्यालाही गुण दिले असतील, तर आधीच चढलेला आकडा आपण आणखी चढवतो.

तेव्हा अशी बातमी छापताना अभ्यासांच्या संख्येशेजारी भार देण्याची पद्धत, विश्वासमर्यादा, मोजलेला कालावधी आणि नफ्याचा आकडा ताळेबंदातून घेतला की व्यवस्थापकाला विचारून, एवढे तरी द्यावे. त्याला चार ओळी पुरतील.

आपला,
एक संख्याशास्त्र अभ्यासक, पुणे