कूलर दुरुस्त करणाऱ्या भाऊंस

भाऊ, नमस्कार.

त्या दिवशी घाईत तुमचे धड आभारही मानता आले नाहीत, म्हणून हे जाहीरपणे लिहितेय.

मे महिन्यातलं अमळनेर, पारा ४४ च्या पुढे, ऑपरेशन होऊन नुकतेच घरी आलेले अण्णा आणि कूलर बंद. ज्या दुकानातून घेतला, त्यांच्या माणसानं जाळीसुद्धा न काढता सांगून टाकलं, "मोटर जळाली. याचे पार्ट आता मिळत नाहीत. भंगारात द्या, नवा घ्या."

तुम्ही बटण दाबलंत. मोटर नुसती घुमत होती. बोटानं पातं ढकललंत, तसं ते फिरायला लागलं. आईकडे वळून म्हणालात, "मावशी, मोटर चांगली शे. जळाली असती तर वास नसता आला का?" मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर गेला होता, तिच्या दांड्याचे बुश कोरडे पडले होते, बस्स. नवी मोटर आमच्या गळ्यात मारली असती, तरी त्या उकाड्यात आम्ही मुकाट्यानं पैसे मोजले असते.

पण मला राहून राहून आठवतं ते त्यानंतरचं. काम संपलं होतं, पिशवी आवरून झाली होती. तेवढ्यात तुमची नजर अण्णांच्या लोखंडी पलंगाकडे गेली. कूलर त्याला अगदी खेटून होता. तुम्ही परत खाली बसलात, प्लग उघडलात. आतली अर्थिंगची वायर तुटलेली! ती जोडलीत, पत्र्याला चारी बाजूंनी टेस्टर लावून पाहिलात, मग स्वतःचा उलटा हात लावलात आणि पलंग हातभर लांब सरकवूनच उठलात. कूलरच्या शॉकनं माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. आम्हाला कुणालाच हे सुचलं नव्हतं. त्याचे वेगळे पैसेही तुम्ही घेतले नाहीत.

सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती लोकांना मिळावी म्हणून केंद्र सरकारनं २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. चांगलंच झालं. पण वस्तू उघडून बघायची तयारी आणि समोरच्याला खरं सांगायची दानत कुठल्या पोर्टलवर मिळणार? ती तुमच्यासारख्या माणसांकडेच असते, आणि अशी माणसं गावोगाव आहेत म्हणून आमच्यासारख्यांचे संसार चालतात.

अण्णा आता दुपारी शांत झोपतात. आईनं तुमच्यासाठी ज्वारीच्या बिबड्या काढून ठेवल्यात. रविवारी मिक्सर घेऊन येतेय, त्यालाही 'फेकून द्या' असंच सांगितलंय. तुम्ही एकदा बघा.